सूरजागडचा काटा आणि बॅकअपचा भरवसा

पूर्ण सर्व्हरचा बॅकअप म्हणजे नुसती फाइलींची प्रत नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, डेटाबेस, वापरकर्त्यांची खाती, सॉफ्टवेअरचे परवाने, डिस्कचे विभाग असे सगळे त्यात जसेच्या तसे उचललेले असते. मूळ मशीन जळाले किंवा बिघडले की ही प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवायची आणि काम पुढे सुरू करायचे, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. मात्र त्याच्या भरवशावर जे गृहीत धरले जाते त्यातले बरेचसे चुकीचे आहे, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडसारख्या ठिकाणी ही चूक फार महाग पडते.

सूरजागडच्या डोंगरातला ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ साली एका कंपनीला दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून उत्खननाने पुन्हा वेग घेतला. लोहखनिजाचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के असते, म्हणजे मालाच्या भावाबरोबरच किती टन माल गेला यावर रक्कम ठरते. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात वेगळी भरावी लागते. बाधित गावांचे पाणी, शाळा, दवाखाने यांसाठी तो पैसा असतो. हे टन मोजायला ट्रक वजनकाट्यावर चढतो, भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते, पावती निघते. अशी नोंद ठेवणारा सर्व्हर बसला तर एकट्या कंपनीचा खोळंबा होत नाही. गावांच्या वाट्याचा पैसा ज्या आकड्यावर मोजायचा, तो आकडाच वादात सापडतो. खाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांनाही किती खनिज डोंगराबाहेर गेले हे विचारायचे झाले तर हीच नोंद लागते.

‘बॅकअप रोज होतो, अहवालात हिरवी खूण येते, मग चिंता कसली?’ हा पहिला पूर्वपक्ष. हिरवी खूण एवढेच सांगते की प्रत लिहून झाली. ती वाचता येते का, तिच्यातून मशीन सुरू होते का, याबद्दल ती काहीच सांगत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधला मजकूर चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, पण ऐन वेळी त्यांतली एकही धडपणे कामी आली नाही. सहा तास आधी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, म्हणून निभावले. संगणक हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही गत झाली.

‘दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाते’ हे उत्तर तर बॅकअपचे नव्हेच. एक डिस्क गेली तर दुसरी चालते, हे खरे. पण चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि वीज कोसळली तर दोन्ही एकाच पेटीत असतात.

क्लाउडचा पूर्वपक्ष यापेक्षा वजनदार आहे. दुसऱ्या गावी प्रत असणे आवश्यकच आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची मूळ यंत्रणा आणि प्रत दोन्ही गेली. पण प्रत दूर आहे म्हणजे ती वेळेत परत येईल असे नाही. दोन टेराबाइटची प्रत २० मेगाबिटच्या लाइनवरून उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, नऊ दिवसांहून अधिक लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, त्या पट्ट्यात नऊ दिवस अखंड लाइन गृहीत धरणे धाडसाचे आहे. तीच प्रत सेकंदाला शंभर मेगाबाइट वेगाच्या बाहेरच्या डिस्कवर असेल तर साडेपाच-सहा तासांत उतरते. म्हणून एक प्रत दूर आणि एक प्रत जवळ. यांतली कुठलीही एक पुरत नाही.

सर्वांत विचारपूर्वक घेतला जाणारा आक्षेप वेगळाच आहे: ‘पूर्ण सर्व्हर कशाला सांभाळायचा? डेटाबेस ठेवा, सर्व्हर नव्याने लावू.’ जिथे प्रत्येक सेटिंग लिहून ठेवलेली आहे आणि लावणारा माणूस हाताशी आहे, तिथे हा मार्ग उत्तम. नवी सिस्टिम स्वच्छ असते, जुनी घाण सोबत येत नाही. पण काट्यावरच्या सर्व्हरची सेटिंग बहुधा कुठल्याशा तंत्रज्ञाने काही वर्षांपूर्वी केलेली असते आणि ती त्याच्या डोक्यातच राहिलेली असते. गडचिरोली शहर शंभर किलोमीटरहून दूर, नागपूर त्याच्याही पलीकडे. पूर्ण प्रतीत ते सारे ज्ञान, कोणी लिहून ठेवले नसले तरी, शाबूत असते.

उरला शेवटचा आग्रह: ‘तसेच दुसरे मशीन घेऊन ठेवा.’ पण सर्व्हर बसवून पाच वर्षे झाली की तेच मॉडेल बहुधा बाजारात नसते. बदली मशीन वेगळेच असणार, हे धरूनच तयारी करायला हवी.

वेगळ्या मशीनवर काय अडते ते ठाऊक असले की निम्मे काम होते. जुना सर्व्हर बायोस पद्धतीने सुरू होणारा आणि नवा केवळ यूईएफआय ओळखणारा असेल तर डिस्कची मांडणीच बदलावी लागते. नव्या मशीनच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर प्रतीत नसेल तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते आणि लिनक्स मूळ डिस्क सापडत नाही म्हणून अर्ध्यात अडकते. हा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच ठेवलेला असावा. डिस्कची प्रत कूटबद्ध अवस्थेतच घेतलेली असेल तर तिची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये अडकू शकते; रिकव्हरी की वेगळी लिहिलेली नसेल तर प्रत असून नसल्यासारखी. नेटवर्क कार्ड बदलले की जुना आयपी पत्ता नव्या कार्डाला आपोआप लागत नाही, आणि कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला परवानाही रुसतो. पहिल्यांदा सुरू करताना नेटवर्कची वायर काढलेलीच असावी.

सर्व्हर सुरू झाला, लॉगिन झाले, जुन्या पावत्या दिसल्या, म्हणजे काम फत्ते झाले असे वाटते. ट्रक काट्यावर चढतो आणि पडद्यावर वजन शून्य. काट्याचा इंडिकेटर सीरियल वायरने सर्व्हरला जोडलेला असतो. नव्या मशीनला ते पोर्ट अनेकदा नसतेच. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला तर त्याला कॉम ५ क्रमांक मिळतो आणि सॉफ्टवेअर मात्र कॉम १ वर वाट पाहत बसते. पोर्टचा क्रमांक आणि वायरवरचा वेग जुळवला की वजन येते. त्याहून घातक गोष्ट पावतीच्या क्रमांकाची. बॅकअप रात्रीचा, बिघाड दुपारचा. रीस्टोअर केलेल्या सर्व्हरला मधल्या पावत्या ठाऊकच नाहीत, म्हणून तो पुढच्या ट्रकला आधीच देऊन झालेला क्रमांक देतो. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या, दोन गाड्या, दोन वजने. हा घोळ महिन्याच्या शेवटी निस्तरता येत नाही. त्यामुळे पहिला ट्रक घेण्याआधी क्रमांक पुढे सरकवायचा आणि मधल्या नोंदी कागदी पावत्यांवरून ‘हाताने भरल्या’ अशा शेऱ्यासह चढवायच्या.

हे सारे जमते, याला मोठा दाखला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर सायबर हल्ल्यात सापडले. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा नव्या सर्व्हरवर उतरवला गेला आणि नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंतची बहुतेक कामे दोनेक आठवड्यांनी पूर्ववत झाली. महाराष्ट्रात मार्च २०२१ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर हल्ला झाला, तेव्हाही बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होते म्हणून वाचले. दोन्हीकडे प्रत हल्ल्यातून वाचली होती. दोन आठवडे मात्र दिल्लीसारख्या ठिकाणी लागले, हेही विसरता येत नाही.

तेव्हा बॅकअपची तपासणी म्हणजे रीस्टोअरची तालीम, आणि ती पावसाळ्याआधी, मे महिन्यात, काट्यावरच व्हायला हवी. उपलब्ध असलेले कोणतेही वेगळे मशीन घ्यावे, जवळच्या डिस्कवरून पूर्ण प्रत उतरवावी, खरा ट्रक चढवून वजन घ्यावे, पावती छापावी. हे काट्यावरच्या माणसाने करावे. तंत्रज्ञाने फक्त पाहावे. कोणता ड्रायव्हर लागला, पोर्टचा क्रमांक काय ठेवला, किती तास गेले, हे मराठीत एका कागदावर उतरवावे. त्या कागदाची आणि बॅकअपच्या पासवर्डची एक प्रत सर्व्हरच्या खोलीबाहेर, दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवावी आणि मशीन, सॉफ्टवेअर किंवा काट्याचा इंडिकेटर बदलला की तालीम पुन्हा करावी.