नर मेले, डंख का थांबले नाहीत?

उन्हाळा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. सापळ्यात ओंजळभर माश्या पडल्या, मग आंब्यात अळी कशी? कधी तो खानापूरच्या बागायतदाराचा असतो, कधी निपाणी-चिक्कोडी भागात दोडका-कारले लावणाऱ्याचा. विचारणाऱ्याचा रोख बहुधा सापळा विकणाऱ्यावर असतो आणि दुकानदार ल्युअरच्या दर्जावर बोट ठेवतो. पण ल्युअर चांगला असूनही हे घडते. त्याचे कारण माशीच्या शृंगिकेत आणि तिच्या समागमाच्या रीतीत आहे. आपण सल्ला देणाऱ्यांनी ते नीट समजून घेतले पाहिजे, म्हणून या महिन्याची ही जागा त्यासाठी.

या विषयातले सगळ्यात बारीक काम आपल्या फळमाशीवर झालेले नाही. ते झाले पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या तांबड्या डोळ्यांच्या चिलटावर, म्हणजे ड्रोसोफिलावर. त्याचे कुळ वेगळे. निरोगी फळाला डंख करणारी आपली बॅक्ट्रोसेरा ती नव्हे. तरीही नर मादीला कसा ओळखतो, हे या चिलटाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याच कीटकाने दाखवलेले नाही. नर आधी मादीजवळ जाऊन पुढच्या पायाने तिच्या पोटाला स्पर्श करतो. त्या पायावरच्या केसांत चव ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. मादीच्या अंगावरच्या मेणासारख्या थराची चव लागली तर तो पुढे सरकतो, नराची चव लागली तर थांबतो. मग एक पंख पसरून तो थरथरवतो आणि मादी ते गाणे शृंगिकेने ऐकते. समागमात नर मादीच्या अंगावर आपला एक गंध सोडतो. व्हिएन्नातील बॅरी डिक्सन यांच्या गटाने २००७ साली दाखवले, की या गंधासाठी शृंगिकेवर एकाच जातीचा ग्राही, ओआर ६७ डी, पुरेसा असतो. तो काढून टाकला की नर दुसऱ्या नरांच्याच मागे लागतात, आणि माद्या नराला सहजी जवळ येऊ देत नाहीत. म्हणजे एकच वास नराला आवरतो आणि मादीला राजी करतो. समागमानंतर वीर्यातले एक प्रथिन मादीच्या गर्भाशयाजवळच्या मोजक्या संवेदी चेतापेशींवर काम करते. त्यानंतर ती कित्येक दिवस दुसरा नर नाकारते आणि अंडी घालू लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकातच चिलटाच्या वास-चवीची जनुकीय उकल सुरू केली होती. विशिष्ट वास न कळणाऱ्या किंवा चव न लागणाऱ्या माश्या त्यांनी वेचून काढल्या. आपल्या कृषी अभ्यासक्रमात या कामाचा उल्लेख नसतो, याची मला खंत वाटते.

आता आपल्या शिवारातल्या माशीकडे येऊ. बिहारमधल्या पुसा येथे फ्रँक हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डास दूर ठेवण्यासाठी वापरायच्या सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर गोळा होतात, हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवले. १९१५ मध्ये त्यांनी नर ओढणारे द्रव्य सांगितले, ते मिथिल युजेनॉल. तुळशीच्या पानांतही ते असते. आज सापळ्यातल्या ठोकळ्यावर आपण तेच टाकतो. ओरिएंटल फळमाशीच्या नराच्या शृंगिकेवर ते ओळखणारे ग्राही असतात. त्यांतल्या ओआर ८८ ए या ग्राहीचा नराच्या ओढीशी संबंध २०१८ मध्ये दाखवला गेला. नर वयात येतो तसा हा प्रतिसाद वाढतो. कोवळा नर सापळ्याकडे फिरकत नाही.

हे द्रव्य म्हणजे मादीचा वास नव्हे. नर ते चाटतो, शरीरात त्याचे रूपांतर कोनिफेरिल अल्कोहोल आणि आणखी एका संयुगात करतो आणि गुदग्रंथीत साठवतो. तिन्हीसांजेला पंख फडफडवत तो ते हवेत सोडतो, आणि मादी त्या वासाने त्याच्याकडे येते. ज्या नराला हे द्रव्य मिळाले, त्याला जोडीदार मिळण्याची शक्यता वाढते. तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीसाठी निपाणी भागात जे कामगंध सापळे लावतात, तिथे उलटा प्रकार असतो. पतंगात मादी हाक मारते आणि नर धावतो, म्हणून तो सापळा मादीच्या हाकेची नक्कल करतो. फळमाशीचा सापळा नराला हवी असलेली शिदोरी दाखवतो. दोन्हींचे डबे सारखे दिसतात आणि दोन्हींत नरच मरतात, म्हणून आपण दोन्हींबद्दल एकच सल्ला देतो. तो पुरत नाही.

कारण डंख मादी करते, आणि मादी या सापळ्याकडे येत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. समजा, शंभरातले नव्वद नर मारले. उरलेले दहा बागेतल्या बहुतेक माद्या फळवू शकतात. ज्याने आधीच कुठे तरी मिथिल युजेनॉल खाल्ले आहे, त्याला काही दिवस सापळ्याची फारशी ओढही नसते. शिवाय शेजारच्या बागेत फळलेली मादी आपल्या बागेत उडून येते, तिला आपले सापळे काहीच करत नाहीत. एकट्याच्या दोन एकरांत लावलेले चार सापळे माशीचा अंदाज देतात, बंदोबस्त करत नाहीत. हे वाक्य शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला आपण कचरतो, कारण मग तो सापळाच घेणार नाही अशी भीती वाटते.

संपूर्ण बंदोबस्त झाल्याची उदाहरणे आहेत. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात ओरिएंटल फळमाशी याच द्रव्याने आणि कीटकनाशकाने नाहीशी केली. जपानने १९८६ पर्यंत ती आपल्या दक्षिणेच्या बेटांवरून हटवली. ही सगळी बेटे होती आणि बेटभर एकदम काम झाले. वेलवर्गीय पिकांवरच्या फळमाशीचा नर मात्र मिथिल युजेनॉलला दाद देत नाही. त्याला क्यू-ल्युअर लागतो, आणि त्याची ओढही तुलनेने दुबळी असते. म्हणून जपानने तिच्यासाठी कारखान्यात वाढवलेले वांझ नर कोट्यवधींनी सोडले आणि १९९३ मध्ये ओकिनावा मोकळे केले. त्या मोहिमेत ओकिनावा बेटावर वांझ नरांना जवळ न येऊ देणाऱ्या रानटी माद्या दिसू लागल्याचे १९९१ मध्ये नोंदले गेले. नर कितीही ओता, शेवटची निवड मादीच करते.

आपला भाग बेट नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचे मळे दोन राज्यांत आहेत. कोगनोळीच्या अलीकडे कर्नाटकाचे रयत संपर्क केंद्र, पलीकडे महाराष्ट्राचे कृषी सहायक. चंदगड आणि बेळगाव तालुक्यांतही तीच गोष्ट. दोन्हीकडच्या योजना वेगळ्या, अनुदानाचे महिने वेगळे. एका बाजूला सापळे लागतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या झाडाखाली डागी फळांचा सडा तसाच असतो, आणि त्यातल्या अळ्या मातीत कोष करून पुढची पिढी तयार करतात. खेपांत किडी सापडल्यावर युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यासह कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांची आयात थांबवली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्या वेळी खेपेत सापडलेली अळी कोणत्या तालुक्यातली, हे कुणी विचारले नव्हते.

म्हणून कृषी सेवा केंद्रे, पीक सल्लागार आणि दोन्हीकडच्या कृषी खात्यांतले आपले वाचक यांना माझी विनंती आहे. ल्युअर देण्याआधी पीक विचारा. आंबा-पेरूवाल्याला मिथिल युजेनॉल आणि काकडी-कारले-दोडक्याला क्यू-ल्युअर द्या. 'दोन्हीला चालते' म्हणून एकच बाटली देऊ नका. फळ पक्व होण्याच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे नर जोडी जुळवण्यापूर्वी, सापळे लागले पाहिजेत. डंख दिसल्यावर लावलेला सापळा उशिराचा. पडलेली फळे दर दोन दिवसांनी गोळा करून खोल पुरा. मादीसाठी प्रथिनाचे आमिष वेगळे लागते, कारण अंडी पोसायला तिला प्रथिन हवे असते, आणि हा खर्च शेतकऱ्याला आधीच सांगा. सगळ्यात महत्त्वाचे, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या गावांनी सापळे एकाच आठवड्यात लावावेत. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. दोन गावांच्या सोसायट्यांनी तारीख ठरवली तरी काम सुरू होते.

येत्या हंगामात ज्यांनी असे केले, त्यांनी दर आठवड्याला सापळ्यातले नर आणि तोडणीवेळची डागी फळे, दोन्ही आकडे लिहून आमच्याकडे पाठवावेत. नुसते मेलेले नर मोजलेली नोंद आम्ही छापणार नाही.