गणित एकट्याचे नव्हे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गणित अडले तर विचारायला घरी कोणी नाही. गणिती म्हणजे दार लावून एकटाच कागद काळे करणारा माणूस, अशी माझी समजूत होती आणि तिची मला भीतीच वाटे.

ती समजूत चुकीची आहे. घड्याळासारख्या ठरावीक आकड्यांतच फिरणाऱ्या अंकगणितात समीकरणांना उत्तरे किती, याविषयी आंद्रे वेइल यांनी १९४९ साली काही अटकळी मांडल्या. अंकगणित आणि बैजिक भूमिती यांना जोडणारे हे कोडे होते. १९६० नंतर पॅरिसजवळच्या संस्थेत ग्रोथेंडिक यांनी चर्चासत्र चालविले. ते मांडीत, सोबतचे टिपणे लिहीत. त्याच मंडळीतील तरुण दलीन्य यांनी उरलेल्या अवघड भागाची सिद्धता १९७४ मध्ये प्रसिद्ध केली.

आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६८ साली बैजिक भूमितीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९५३ साली तेथे विद्यार्थी म्हणून आलेल्या नरसिंहन व शेषाद्री यांचे १९६५ चे प्रमेय आज दोघांच्या नावानेच ओळखले जाते.

कोणी म्हणेल, कल्पना सुचते ती एकट्यालाच. खरे आहे, पण ती तपासायला चार माणसे लागतातच.

आपल्याला परिषद परवडणार नाही. शनिवारी एक रिकामा वर्ग, फळा आणि खडू मात्र मिळू शकेल. प्राध्यापकांनी तासभर द्यावा आणि आम्ही विद्यार्थ्यांनी ‘कळले नाही’ म्हणण्याची लाज सोडावी, एवढीच विनंती.