जुना कॉम्प्युटर : दुरुस्त करावा की बदलावा?

मुलांच्या दहावी-बारावीच्या सुमारास घेतलेला कॉम्प्युटर पुष्कळ घरांत अजून टेबलावर आहे. मुलं शिकून बाहेर पडली, लॅपटॉप घेऊन गेली, यजमान सगळं मोबाइलवरच उरकतात आणि तो डबा हळूहळू तुमचा झाला. भिशीचा हिशेब, महिला मंडळाची इतिवृत्तं, डब्याच्या गिऱ्हाइकांची यादी, लग्नामुंजींचे फोटो, सगळं त्याच्या पोटात! आता मात्र तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे. मुलगा फोनवर सांगतो, “टाकून दे गं आई, नवा घेऊ.” यजमान म्हणतात, “चालतोय ना? मग उगीच खर्च कशाला?” आणि जी रोज त्याच्यापुढं बसते तिला कुणी विचारतच नाही! तेव्हा भगिनींनो, हा निर्णय तुम्हीच करा. थोडी माहिती असली की त्यात अवघड काही नाही.

पहिलं काम दुरुस्तीवाल्याला बोलावण्याच्याही आधीचं. फोटो आणि हिशेब बाहेर काढून ठेवा, आणि तेही दोन ठिकाणी. दुरुस्तीवाले ‘फॉरमॅट मारू का?’ असं अगदी सहज विचारतात. त्याचा अर्थ डिस्क पुसून कोरी करणं, हे लक्षात असू द्या. आतून टक्‌-टक्‌ असा आवाज येत असेल तर यंत्र पुन्हापुन्हा चालू-बंद करून बघू नका. ते बंद ठेवा आणि जाणत्या माणसाकडून आधी डिस्कवरचा मजकूर काढून घ्या.

इथंच एक आपल्या मराठीपुरती गोष्ट. मंडळाचे जुने अहवाल श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फाँट नसलेल्या नव्या यंत्रावर त्या अक्षरांची नुसती खिचडी दिसते. जुनं यंत्र धड चालतंय तोवर असे कागद पीडीएफ करून ठेवा. वाचायला तरी ते कायम येतील.

आता दुखणं कुठं आहे ते पाहू. कुकरची शिट्टी होईना म्हणून आपण कुकर बदलत नाही, आधी रिंग बघतो. तसंच हे. यंत्र सुरू करून नेहमीचं काम उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. (न दिसले तर खाली ‘मोअर डिटेल्स’ असतं.) बाकीचे रकाने शांत आणि डिस्कचा मात्र बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटलेला, असं असेल तर चोर सापडला म्हणायचं. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक बारीकसा दांडा मागंपुढं धावून माहिती वेचत असतो. त्याच्या जागी एसएसडी बसवली की ही धावाधाव संपते, कारण तिच्यात फिरणारं काही नसतंच. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक यंत्रांना ती बसते. एवढ्या एका बदलानं दहा मिनिटांचं काम मिनिटाच्या आत आलेलं मी पाहिलं आहे. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम वाढवावी लागेल. घरकामाला ८ जीबी पुरते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा दोन दुकानांत विचारूनच घ्या.

काही दुखणी तर अगदीच किरकोळ. तारीख आपोआप मागं जाते आणि मग बँकेचं पान उघडायला नकार देतं? आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती संपलेली असते. पंखा घोंगावतो आणि यंत्र मधेच बंद पडतं? बहुधा धूळ. काहीच सुरू होत नाही? वीज पुरवणारा एसएमएसचा नव्हे हं, एसएमपीएसचा डबा गेला असेल. तोही सुटा मिळतो. यांपैकी कशासाठीही नवा कॉम्प्युटर घ्यायचं कारण नाही.

मग बदलावा कधी? विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देऊ केली गेली. विंडोज ११ मात्र सगळ्याच यंत्रांना चालत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथं प्रोसेसरचं नाव असतं. ते इंटेलचं ‘आय-३ ४१३०’ असं असेल तर पुढचा ४ म्हणजे चौथी पिढी. ‘आय-५ ८४००’ म्हणजे आठवी, ‘१०४००’ म्हणजे दहावी. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. तुमचं यंत्र तसं असेल तर निर्धास्तपणे एसएसडी बसवा, पुष्कळ वर्षं काढेल.

त्याआधीचं असेल तर हात आखडता घ्या. दुकानदार म्हणेल, “ताई, मी अकरा टाकून देतो की!” टाकता येतं, पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली हा खरा पर्याय आहे. पत्रं, हिशेब, व्हिडिओ सगळं होतं, फक्त आपला प्रिंटर चालतो का ते आधी पाहावं. ते जमत नसेल तर जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका.

मदरबोर्ड गेला असं निदान झालं तर मी सरळ ‘नको’ म्हणते. तो बदलला की बहुधा प्रोसेसर बदलतो, मग रॅम, आणि बघता बघता नव्याचीच किंमत होते. माझा ठोकताळा असा : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर चालला की थांबायचं. त्यातही पडदा आणि कळफलक चांगले असतील तर नुसतं कॅबिनेट मागा. पडद्याची वायर जुन्या, व्हीजीए पद्धतीची असेल तर तेवढं दुकानात सांगा, जोड मिळतो. कचेऱ्यांतून निघालेली, तपासून विकलेली यंत्रंही बरी असतात. पण पिढी विचारा, आणि पक्कं बिल व हमीशिवाय पैसे मोजू नका.

दुरुस्तीवाला आला की समोर बसा. काढलेला भाग परत मागून घ्या. संकोच कसला, पैसे आपण दिलेत! आणि जुनं यंत्र भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या, कारण नुसतं ‘डिलीट’ केलेलं परत काढता येतं. बाकीचं ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडेच द्या. ती डिस्क धडधाकट असेल तर अडाप्टरसकट बाहेरचं केसिंग मिळतं. त्यात बसवली की फोटोंची दुसरी प्रत ठेवायला तीच कामाला येते.