दहा जनुके आणि एक विषाणू

अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरिलँड विद्यापीठातील शल्यविशारदांनी ७ जानेवारी २०२२ रोजी ५७ वर्षांच्या रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, तेव्हा बातम्यांत दहा हा आकडा मिरवत होता. त्या डुकराच्या दहा जनुकांत फेरफार केलेले होते. डुकराच्या पेशींवरील काही शर्करांविरुद्ध माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे आधीपासूनच असतात, त्यामुळे साध्या डुकराचा अवयव जोडला की रक्तप्रवाह सुरू होताच काही मिनिटांत, फार तर काही तासांत तो काळानिळा पडतो. म्हणून त्या शर्करा बनवणारी तीन जनुके बंद केली आणि प्रतिकारशक्तीचा हल्ला व रक्ताच्या गुठळ्या रोखणारी सहा मानवी जनुके घातली. दहावे जनुक वाढीशी संबंधित होते. तेही बंद केले, नाहीतर हृदय वाढत जाऊन छातीत मावेनासे झाले असते. ही कारागिरी फळाला आली, हृदयाने पहिला हल्ला पचवला. रुग्ण मात्र दोन महिन्यांत दगावला.

त्या हृदयात पुढे डुकरांमधील सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. मृत्यूचे खापर एकट्या विषाणूवर फोडता येणार नाही, कारण रुग्ण मुळातच खंगलेला होता आणि काही औषधेही हृदयाला बाधली असावीत, असे डॉक्टरांनीच नोंदवले आहे. परंतु या विषाणूने बाधित हृदये लवकर निकामी होतात, हे म्युनिकच्या संशोधकांनी बबून माकडांवर आधीच दाखवून दिले होते. दात्या डुकराची तपासणी झालीच नव्हती असेही नाही. नाकातल्या स्रावाच्या चाचणीला दबा धरून बसलेला विषाणू सापडला नाही, इतकेच. म्हणून आमचे म्हणणे असे, की जनुकांची होते तितकीच कडक छाननी वराहपालन केंद्राची व्हायला हवी.

यावर जनुकबदलाचे समर्थक बोस्टनकडे बोट दाखवतील. तिथे मार्च २०२४ मध्ये बसवलेल्या मूत्रपिंडात ६९ बदल होते आणि त्यांपैकी ५९ डुकराच्या विषाणूंना निष्प्रभ करण्यासाठीच. खरे आहे, पण ते विषाणू डुकराच्या जनुकसंचातच ठाण मांडून बसलेले असतात, म्हणून तिथे कात्री चालते. सायटोमेगॅलोव्हायरस पिलाला आईकडून, कळपातून लागतो. त्याला उपाय पशुपालनातलाच : पिलू जन्मताच आईपासून वेगळे काढायचे, बंदिस्त आवारात वाढवायचे आणि रक्तातील प्रतिपिंडे पुन्हापुन्हा तपासायची. इथे प्राणिमित्रांचा आक्षेप उडवून लावता येत नाही. मांसासाठी डुकरे मारली जातातच, हे उत्तर तोकडे आहे, कारण रोगमुक्त डुक्कर म्हणजे माती आणि आई दोन्ही न पाहिलेले डुक्कर. अमेरिकेत लाखाहून अधिक रुग्ण अवयवांच्या प्रतीक्षेत असताना आम्हाला ही किंमत समर्थनीय वाटते, पण अवयव खरोखर निर्धोक निघणार असेल तरच.

मरणाच्या दारातल्या माणसाला आणखी गमवायचे काय, हा युक्तिवाद हृदयरुग्णाच्या बाबतीत एक वेळ चालेल. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसचा आधार असतो, म्हणजे गमावण्यासारखे बरेच असते. शिवाय डुकराचा संसर्ग घरच्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि घरच्यांनी काही शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही केलेली नसते. दहा जनुके बदललेल्या डुकरांच्या मूत्रपिंडांच्या चाचणीला अमेरिकी औषध नियामकांनी २०२५ मध्ये परवानगी दिली आहे. आधी सहा रुग्ण, मग पन्नासपर्यंत. सातव्या रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वी पहिल्या सहा डुकरांच्या संसर्ग-तपासण्यांचे संपूर्ण अहवाल, कोणती चाचणी कधी केली यासह, जाहीर करण्याची अट नियामकांनी घालावी.