जीर्णोद्धार यंत्राचा

नवे ते सारे चांगले आणि जुने ते सारे टाकाऊ, असा एक समज अलीकडे घरोघरी रुजू पाहत आहे. पाच-सहा वर्षे वापरलेला लॅपटॉप मंद चालू लागला, की ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला सहज मिळतो. आणि मुलांच्या अभ्यासात खंड नको म्हणून पालकही पदरमोड करून नवे यंत्र आणतात. हा सल्ला पुष्कळदा अनाठायी असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉप मंद का होतो, याचा विचार आपण करीत नाही. जुन्या यंत्रांत माहिती साठविण्यासाठी हार्ड डिस्क असते. तिच्यातील तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि एक सूक्ष्म टोक त्यांवरून सरकत माहिती वाचते. विखुरलेला प्रत्येक तुकडा शोधण्यास त्या टोकाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा काळ अल्प वाटला, तरी यंत्र सुरू होताना असे तुकडे हजारोंनी शोधावे लागतात. शिवाय बसमधून नेता-आणताना बसणारे धक्के आणि पावसाळ्यात वरचेवर जाणारी वीज या फिरत्या भागांना मानवत नाहीत. म्हणजे यंत्राची बुद्धी शाबूत असते. थकते ती त्याची स्मृती.

एसएसडी या नव्या साठवण-साधनात फिरणारा भागच नसतो. त्यामुळे शोधण्याचा वेळ शंभरपटीने घटतो. अडीच इंची साटा जातीची एसएसडी पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्याच जागी बसते, आणि तिचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असतो. मात्र काही स्वस्त यंत्रांत साठवण मूळ पाटीवरच डाखलेली असते. ती बदलता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या यंत्राची जात पाहून घ्यावी.

आता मुख्य प्रश्न स्थलांतराचा. जुन्या डिस्कवर केवळ धडे आणि छायाचित्रे नसतात. यंत्र चालविणारी सारी कार्यप्रणाली तिच्यावरच वसलेली असते. ती जशीच्या तशी नव्या जागी नेण्यास क्लोनिंग म्हणतात. प्रथम महत्त्वाच्या माहितीची एक प्रत वेगळ्या ठिकाणी करावी. ही पायरी कदापि गाळू नये. डिस्कला कुलूपबंद करणारी बिटलॉकरसारखी सोय चालू असल्यास ती आधी बंद करावी. मग नवी एसएसडी यूएसबी जोडणीने बाहेरून लावावी आणि क्लोनझिलासारख्या विनामूल्य साधनाने प्रत उतरवावी. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे दोनदा तपासावे. उलट निवड झाली, तर मूळच पुसले जाते. नंतर वीज तोडून, बॅटरी वेगळी करून अदलाबदल करावी. नवी डिस्क महिना-दोन महिने नीट चालेपर्यंत जुनी जपून ठेवावी आणि पुढे कोणास देण्यापूर्वी संपूर्ण पुसावी.

पूर्वी पोथीची नक्कल करणारा लेखक मूळच्या चुकाही इमानाने उतरवीत असे. क्लोनिंगचेही तसेच आहे. यंत्रात विषाणू शिरला असेल, तर तोही नव्या घरी राहावयास येतो. अशा वेळी कार्यप्रणाली नव्याने बसवून फक्त आपली कागदपत्रे नेणे श्रेयस्कर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण त्यांवर लिनक्स बसविता येते. लेखन, वाचन व अभ्यास यांस ते पुरेसे आहे.

जीर्णोद्धाराची ही वृत्ती आपल्या भूमीला परकी नाही. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला भक्तांनी नदीपार डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणले. १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. आणि अलीकडचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पूर्ण झाला. देवाशी यंत्राची तुलना करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु मोलाचे ते जपावे आणि त्याचे निवासस्थान वेळोवेळी सुधारावे, हा धडा दोहोंकडे एकच आहे.

कोणी म्हणेल, ‘एवढी उठाठेव कशासाठी?’ कारण प्रश्न केवळ पैशाचा नाही. गावच्या दशावताराचे ध्वनिमुद्रण, भजनी मंडळाची गाणी, आजीच्या तोंडच्या कोंकणी ओव्या यांची एकमेव प्रत कित्येक घरांत अशा एखाद्या जुन्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. यंत्र अडगळीत गेले, की तेही गेले. एसएसडी घातली म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नये. तीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. दुसरी प्रत हाच खरा आधार.

विद्यार्थिमित्रहो, चवथीच्या सुटीत घरातील बंद पडत चाललेला लॅपटॉप वडीलधाऱ्यांच्या संमतीने आणि जाणत्याच्या देखरेखीखाली उघडून पाहा. शाळांनीही वर्षातून एक दुपार या कामासाठी राखावी, असे आम्ही सुचवितो. जे यंत्र आपण उघडून दुरुस्त करू शकतो, तेच खऱ्या अर्थाने आपले. एरवी आपण त्याचे केवळ गिऱ्हाईक.