भूत अठरा वर्षांचं, तिकीट अठरा वर्षांवरचं!

सबमिशन, ओरल्स आणि केटी ही तीन भुतं सोडली तर इंजिनीअरिंगवाल्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असा एक समज आहे. तरीही हल्ली आपल्यातलंच बरंच पब्लिक पैसे मोजून घाबरायला जातं. 'घोस्ट वॉक' हा प्रकार तुमच्या कानावर आला असेलच. अंधार पडला की पंधरा-वीस जणांना जुन्या शहराच्या गल्लीबोळांतून चालवत न्यायचं आणि दर शंभर पावलांवर थांबून एक खून किंवा एक आत्महत्या सांगायची. इंग्लंडमधल्या यॉर्कला हे १९७३ पासून चालू आहे. स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये तर भुतं म्हणजे पर्यटनाचा मोठा धंदा, आणि त्यातल्या काही टूर्स फक्त प्रौढांसाठी. आता ही लाट आपल्याकडेही आली आहे.

मागच्या सेमिस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी पुण्यात अशाच एका वॉकला गेलो होतो. जुईनगरला राहणाऱ्या माणसाला पुणं काही लांब नाही. नेरूळला एल.पी.च्या स्टॉपवर बस पकडायची, की तीन तासांत पुणं. वॉक 'अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच' होता, म्हणून आधार कार्डसुद्धा तपासलं. मला वाटलं, आता काहीतरी सॉलिड ऐकायला मिळणार. लहान मुलांसमोर बोलता येत नाही असं काहीतरी, मोठ्यांचं.

झालं काय? शनिवारवाडा संध्याकाळी बंद होतो, म्हणून आम्ही तटाच्या बाहेरच उभे. गाइडने टॉर्च हनुवटीखाली धरला, आवाज खाली आणला आणि सांगितलं, की अमावास्येच्या रात्री आतून हाक ऐकू येते, 'काका, मला वाचवा!' मग एकदम मागून कोणीतरी ओरडलं (तो त्यांचाच माणूस!). सगळे किंचाळले, मग हसले, मग फोटो काढले. पुढचा स्टॉप.

माझा आक्षेप घाबरवण्याला नाही. भुताच्या गोष्टी मलाही आवडतात. लाइट गेल्यावर हॉस्टेलच्या गच्चीवर त्या रंगतात तशा दुसरीकडे कुठे रंगत नाहीत. भूत असतं की नसतं हाही माझा मुद्दा नाही. व्हिक टँडी नावाच्या एका ब्रिटिश इंजिनीअरला त्याच्या लॅबमध्ये करड्या रंगाची आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. त्याने शोध घेतला तेव्हा नवीन बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, म्हणजे कानाला ऐकू न येणारी स्टँडिंग वेव्ह तयार होत होती. फॅन बंद केल्यावर ती भावना गेली. १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. ज्यांना भूत आहे की नाही यावर वाद घालायचाय त्यांनी तो जरूर वाचावा. माझा आक्षेप वेगळा आहे. एका खऱ्या माणसाच्या खऱ्या खुनाचं आपण भूत करतो, आणि भूत झालं की खुनाबद्दल कोणी काही विचारत नाही.

थोडा हिशेब करू या. नारायणरावाचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत. म्हणजे वय अठरा वर्षं आणि वीस दिवस! आपल्या एफ.ई.च्या मुलाएवढा. त्याच्या आयुष्यातला शेवटचा दुपारचा तास ऐकायला अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि तो स्वतः जेमतेम तेवढा होता, हे त्या गाइडने सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कदाचित कोणी किंचाळलं नसतं, पण गप्प नक्की झालं असतं.

आणि 'फक्त प्रौढांसाठी' म्हणजे नक्की काय? माझ्या मते या गोष्टीतला प्रौढांसाठीचा भाग रक्त हा नाहीच. रक्त तर लहान मुलंही कार्टूनमध्ये बघतात. प्रौढांचा भाग आहे तो सत्तेचा. थोरला भाऊ माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये गेला आणि सतरा वर्षांचा पोरगा पेशवा झाला. पेशवेपदावर डोळा असलेला काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. पहारा करणारे गारदी पगारी शिपाई. कट शिजला. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक वाड्यात घुसले, नारायणराव पळत पळत काकाकडे गेला, त्याला मिठी मारली आणि तिथेच मारला गेला. म्हणजे ती सुप्रसिद्ध हाक ज्याला मारली, त्याच्याच नावावर हा खून आहे. घरातल्या मोठ्या माणसाकडे आपण वाचवायला जातो आणि तोच दार लावून घेतो, यापेक्षा भयंकर गोष्ट कुठल्या अमावास्येला घडणार आहे?

वॉकमध्ये आनंदीबाईवर मात्र भरपूर वेळ घालवला. 'धरावे'चं 'मारावे' केलं, 'ध'चा 'मा' केला, अगदी खलनायिकेच्या हसण्यासकट. या गोष्टीला भक्कम कागदोपत्री पुरावा नाही, असं इतिहासकार सांगतात. पण बाईवर खापर फोडलं की गोष्ट चटपटीत होते! आम्हा चौघींनाही ते जरा खुपलंच.

चापाजी टिळेकर हे नाव तुम्ही ऐकलंय? हा नारायणरावाचा सेवक. मालकाला वाचवायला तो त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर मारला गेला. त्या दिवशी वाड्यातली आणखी काही नोकरमाणसं, दासीही मारल्या गेल्या. त्यांचं भूत कधीच कोणाला दिसत नाही. अमावास्येला चापाजीची हाक कोणाला ऐकू येत नाही. म्हणजे भुतं होण्यासाठीसुद्धा मोठ्या घराण्यात जन्मावं लागतं की काय?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या शाळेत मराठी हा शंभर मार्कांचा पेपर होता, भाषा नव्हती. त्यामुळे शनिवारवाड्याच्या आधी माझी ओळख झाली ती शेक्सपिअरच्या भुताशी. हॅम्लेटमध्येही काकाच खून करतो. पण तिथलं भूत कोणाला 'भॉ' करायला येत नाही. ते येतं, आपला खून कोणी केला ते सांगतं आणि न्याय मागतं. खरं म्हणजे ती तक्रार नोंदवायला आलेलं भूत आहे! मग मला प्रश्न पडतो, की 'काका, मला वाचवा' हीसुद्धा तक्रारच नाही का? आपण मात्र तिची रिंगटोन करून टाकली.

आणि आपल्याकडे ती तक्रार ऐकणारा माणूस होता, ही तर अभिमानाची गोष्ट. रामशास्त्री प्रभुणे. पेशव्यांचा न्यायाधीश असून त्याने पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावाच्या विरुद्ध चौकशी केली, त्याला दोषी धरलं आणि पद सोडून निघून गेला. त्याच्यावर प्रभातने १९४४ मध्ये सिनेमासुद्धा काढला. विचार करा, ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्यालाच तोंडावर खुनी म्हणायचं! आपण एखाद्या सरांना सिलॅबस पूर्ण झाला नाही हे सांगायला घाबरतो. दीड तासाच्या वॉकमध्ये या माणसाचं नावही आलं नाही, कारण त्याचं भूत नाही. तो वाईट मेला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

कोणी म्हणेल, 'अगं, हा पुण्याचा प्रॉब्लेम, तुझ्या जुईनगरचं काय?' तर ऐका. खुनानंतर बारभाईंनी रघुनाथरावाला हटवलं आणि तो इंग्रजांकडे गेला. १७७५ च्या सुरतेच्या तहात त्याने साष्टी आणि वसई देण्याचं कबूल केलं. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता. आज तिथे ठाण्याचं सेंट्रल जेल आहे. सात वर्षांच्या युद्धानंतर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. साष्टी म्हणजे कुठलं दूरचं बेट नव्हे, आपण जुईनगरहून लोकल पकडून खाडीपलीकडच्या ज्या ठाण्याला उतरतो ते ठाणे आणि मुंबईची बरीचशी उपनगरं! एका अठरा वर्षांच्या मुलाच्या किंकाळीचा प्रतिध्वनी आपल्या खाडीपर्यंत आलाय. हे सांगायला टॉर्च हनुवटीखाली धरावा लागत नाही.

खून झाकायचं काम भुतं आजही करतात. आमच्या इकडे पामबीच रोडबद्दल ऐकायला मिळतं, की रात्री पांढऱ्या साडीतली बाई आडवी येते आणि गाडी ठोकली जाते. आपण फर्स्ट इयरला शिकलोय की वेग दुप्पट केला की ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं. सरळ, रुंद, रात्रीचा मोकळा रस्ता आणि हातात नवीन बाइक, एवढं पुरतं. पण बाईला दोष दिला की कोणाला स्पीडोमीटर बघावा लागत नाही. (इथेही पुन्हा बाईच, लक्षात आलं ना?)

शेवटचा मुद्दा जरा गंभीर आहे. ज्या शनिवारवाड्याच्या तटाखाली आम्ही किंचाळत होतो, तिथून काही मिनिटं चालत गेलं की ओंकारेश्वराजवळचा विठ्ठल रामजी शिंदे पूल लागतो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना या पुलावर गोळ्या घालून मारलं. भुताखेतांच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध आयुष्य घालवलेला हा माणूस. त्यांच्या खुनानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची पुराव्याअभावी सुटका केली. आमच्या वॉकमध्ये हा पूल अर्थातच नव्हता. असायलाही नको, टॉर्च आणि किंकाळ्या घेऊन तर नकोच. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या खुनावर आपल्याला मजा येते आणि आपण शाळेत असताना झालेल्या खुनापाशी आपण गप्प बसतो, यात काहीतरी चुकतंय असं मला वाटतं. जुन्या खुनाबद्दल 'कोणी केला, का केला, न्याय झाला का' हे विचारायची सवय लागली, तर नव्या खुनाबद्दल विचारायला जीभ अडखळणार नाही.

म्हणून घोस्ट वॉक बंद करा असं मी म्हणत नाही. उलट मला तो आणखी प्रौढ झालेला हवाय. अंधार ठेवा, हाक ठेवा, पण वय सांगा. चापाजीचं नाव घ्या. 'ध'चा 'मा' ही आख्यायिका आहे हे सांगून मग सांगा. आणि शेवटचा स्टॉप रामशास्त्र्यांचा ठेवा.

आपल्यालाही करता येईल हे. बेलापूरला जुन्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे तिथून जाऊन आले. आपल्यातले किती जण रोज त्याच्या बाजूने बसने जातात आणि किती जणांना तो माहीत आहे? पुढच्या फेस्टिव्हलला रोबो रेसच्या जोडीला अशी एक संध्याकाळची फेरी काढू या. इतिहास शोधायचं काम मी घेते, तुम्ही टॉर्च आणा. फक्त तो हनुवटीखाली धरायचा नाही, भिंतीवर मारायचा. बघा पटतंय का!

– टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स