मृदू स्वरांचे मोल

चित्रकार चित्रात उजेड दाखवतो, तेव्हा त्याच्या शेजारी सावलीही रंगवतो. सावलीवाचून उजेड उठून दिसत नाही. संगीतातही हाच नियम चालतो. मृदू स्वर आणि मोठा स्वर ही एकाच रचनेची दोन अंगे होत. एकामुळे दुसऱ्याला अर्थ येतो. ऑस्ट्रियाचा संगीतकार जोसेफ हायडन याने १७९१ मध्ये एक सिंफनी, म्हणजे अनेक वाद्यांच्या मेळासाठी केलेली दीर्घ रचना, लिहिली. तिच्या दुसऱ्या भागात एक साधी धून हळुवारपणे सुरू होते. तीच धून पुन्हा वाजते. या वेळी आणखी हळू. श्रोते कान देऊन ऐकू लागतात, तोच सारा वाद्यमेळ एकदम गर्जून उठतो आणि ऐकणारे दचकतात. म्हणूनच ही रचना ‘आश्चर्याची सिंफनी’ म्हणून ओळखली जाते. आधीची ती शांतता काढून घेतली, तर त्या गर्जनेत दचकण्याजोगे काय उरेल?

ध्वनिमुद्रित संगीतातून नेमकी ही शांतताच हिरावली गेली आहे. या गोष्टीचा आरंभ जुना आहे. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेतील उपाहारगृहांत ज्यूकबॉक्स नावाची यंत्रे असत. नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजे. यंत्राचा आवाज मालक एकदाच ठरवून ठेवी; त्यामुळे जी तबकडी मुळातच मोठ्या आवाजात कोरलेली असे, तीच इतरांपेक्षा उठून वाटे. शिवाय माणसाच्या कानाचा एक स्वभाव आहे. एकच गाणे दोनदा ऐकवले आणि त्यांपैकी एकदा किंचित मोठे वाजवले, तर मोठे वाजलेले गाणे अधिक चांगले वाटते. व्यापाऱ्यांनी हे हेरले. मात्र तबकडीची स्वतःची एक मर्यादा होती. आवाज जितका मोठा, तितकी तिच्यावरील खाच अधिक जागा व्यापी. मग तबकडीवर गाणे कमी मावे आणि सुईही खाचेतून उडे.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. अगदी मंद आणि अगदी मोठा यांत सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर ठेवण्याची सोय या नव्या साधनाने करून दिली. कुजबुजीपासून मोठ्या वाद्यमेळाच्या गर्जनेपर्यंत सारे काही तिच्यात सुखाने नांदू शकत होते. पण झाले उलटेच. डिस्कवर आवाजाची वरची मर्यादा ठरलेली असते. त्या छपरापलीकडे जाता येत नाही. तेव्हा गाणे अधिक मोठे भासवायचे, तर मोठ्या स्वरांची शिखरे दाबावी लागतात आणि मग मंद स्वरांसह सारेच गाणे छपरापर्यंत उचलावे लागते. या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. डोंगर तासावेत, दऱ्या बुजवाव्यात आणि सपाट माळाला सृष्टिसौंदर्य म्हणावे, तसाच हा प्रकार! एकाने आवाज चढवला म्हणून दुसऱ्याने चढवला, दुसऱ्याने चढवला म्हणून तिसऱ्याने. या चढाओढीला जाणकार ‘आवाजाचे युद्ध’ म्हणतात.

या युद्धाचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा गीतसंग्रह निघाला. या वृंदाचे संगीत मुळातच जोरकस. तरीही त्याच्या चाहत्यांनाच हा आवाज सोसवेना. तीच गाणी ‘गिटार हिरो’ नावाच्या खेळातही आली होती, आणि त्या खेळातील मुद्रण कमी दाबलेले असल्यामुळे ढोलांचा ठोका त्यात अधिक स्पष्ट ऐकू येई. संग्रह पुन्हा नव्याने सिद्ध करावा, अशा मागणीच्या अर्जावर हजारो श्रोत्यांनी सह्या केल्या. मोठ्या आवाजाचे भोक्तेच मोठ्या आवाजाविरुद्ध उभे राहिले, यातच सारे आले.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. धावत्या मोटारीत किंवा गजबजलेल्या रस्त्यावर मंद स्वर बुडून जातात. तेथे थोडेफार कॉम्प्रेशन उपयोगीच ठरते. कुशल ध्वनिमुद्रकाच्या हाती ते कलेचेही साधन बनते. परंतु मोटारीतील प्रवाशाची सोय वाजवणाऱ्या यंत्रालाही करता येते. तिच्यासाठी घरात शांतपणे ऐकणाऱ्याचे संगीत का बिघडवावे? आवाज वाढवण्याचे बटण श्रोत्याच्या हाती असतेच. पण मुद्रणातच पुसून टाकलेला लहानमोठेपणा परत आणणारे बटण कोणत्याही यंत्रावर नसते. भारी किमतीची यंत्रे बाळगणारा श्रवणरसिकही अशा वेळी हतबल होतो.

सुदैवाने शास्त्राने या युद्धाचा हेतूच निष्फळ करण्याचा मार्ग शोधला आहे. आवाज कानाला किती मोठा भासतो, हे मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवून दिली. २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने सर्व कार्यक्रमांसाठी एकच पातळी सुचवली. स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवाही फार मोठ्या आवाजाची गाणी आपोआप खाली आणून वाजवतात. म्हणजे मुद्दाम चढवलेले गाणे तेथे इतरांपेक्षा मोठे वाजत नाही. त्याच्या पदरी उरतो तो केवळ सपाटपणा. तरीही जुनी सवय अजून पुरती सुटलेली नाही, कारण कर्कश गाण्यालाच जोरदार गाणे समजणारे श्रोते अद्याप पुष्कळ आहेत.

पुस्तकातील प्रत्येक ओळ अधोरेखित केली, तर महत्त्वाची ओळ कोणती हे कळेनासे होते. संगीतात प्रत्येक स्वर मोठा केला, तर तेच घडते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण म्हणूनच गाण्यालाही लागू पडते. चांगले गाणे श्रोत्याच्या कानावर आदळत नाही. ते त्याला जवळ बोलावते. गायकाचा हलकासा श्वास, तारेचा विरत जाणारा झंकार, दोन स्वरांमधील क्षणभराचा विसावा, हे ज्याला ऐकू येऊ लागते, त्यालाच मोठ्या स्वराचे खरे सामर्थ्य उमगते. असे कान घडवणे हे काही महागड्या यंत्रांचे काम नव्हे. त्याला लागते ते थोडे लक्ष आणि थोडी शांतता. असे श्रोते वाढले, की गाणी मुद्रित करणाऱ्यांनाही मृदू स्वरांची बूज राखावीच लागेल.